भुतांची पैसेवारी

आमचे घरमालक भुतांना मार्क द्यायचे, असं सांगितलं की माझ्या नाती हसतात. मार्क नव्हे गं, पैसे. रुपयातले किती पैसे, असं. आणि त्याला ते पैसेवारी म्हणायचे, पिकांची काढतात तशीच.

ज्यांनी शेत फक्त गाडीच्या खिडकीतून बघितलंय त्यांना हे आधी सांगायला हवं. पीक तयार झालं की महसूलची माणसं शिवारात जातात. एक चांगलं रान, एक मध्यम, एक हलकं असं निवडायचं, त्यातला मोजका तुकडा कापायचा, दाणे तोलायचे. सुगीच्या वर्षाला रुपया धरला तर यंदाचं पीक किती पैसे भरलं ते लिहायचं. पन्नासच्या आत आलं की त्या गावात दुष्काळ. आमचे घरमालक, आम्ही त्यांना काका म्हणायचो, तहसिलीत अव्वल कारकून होते. उभी नोकरी असले आकडे लिहिण्यात गेली. पेन्शनीत निघाले आणि वाचायला लागले ते एकच, भुताखेतांच्या आणि जादूटोण्याच्या कादंबऱ्या. चेटकीण नाही, हडळ नाही, मंतरलेली अंगठी नाही, असलं पुस्तक ते हातात धरायचे नाहीत.

काकू एकदा म्हणाल्या, “अहो, वय झालं. काही पोथीबिथी वाचत जा.”

“पोथीची पैसेवारी काढता येत नाही. पाप लागतं,” काका म्हणाले आणि पान उलटलं.

उस्मानपुऱ्यात त्यांचं घर होतं, पुढं ओटा आणि मागं दोन खोल्या भाड्याच्या. त्या खोल्यांत आम्ही. माझं माहेर कन्नडकडचं, मेंढरं राखणारी माणसं आम्ही. शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळा सोडून कुठं ना कुठं तळ पडलेला असायचा म्हणून अर्धीमुर्धी. नवरा वाळूजला नव्या कारखान्यात लागला म्हणून मी शहरात आले. लागोपाठ दुष्काळ पडत होते ती वर्षं. गावं रिकामी व्हायची आणि शहर भरायचं. काल जिथं बाजरी होती तिथं आज चुन्याच्या रेघा आणि प्लॉटचे दगड दिसायचे. काका संध्याकाळी फिरून आले की काकूंना बातमी द्यायचे, “रेल्वेच्या पलीकडचं ते रानही गेलं. बारा आण्यांच्या खाली कधी उतरलं नव्हतं ते. आता घरं होणार तिथं.”

“होऊ द्या की. माणसांनी राहायचं कुठं?”

“माणसांचं मी म्हणत नाही. नव्या घराला भूत लागायचं म्हणजे दोन पिढ्या जाव्या लागतात. तोवर ह्या शहरानं वाचायचं काय?”

ते वाचायला बसायचे भर दुपारी. बारा ते तीन. ओट्यावर ऊन येईल अशी खुर्ची ठेवायची, कॉलरच्या आत रुमाल, आणि हातात एखादी हडळ. मी नवी होते तेव्हा मला वाटलं, म्हातारे भितात बहुतेक रात्रीचे. एकदा विचारलंही. तर म्हणाले, “बेटा, पंचनामा दिवसाउजेडी करायचा असतो. रात्री भ्यायला काय, मांजरालाही माणूस भितो. भर उन्हात, समोर भांडीवाली ओरडत असताना जो लेखक भिववील, तो खरा.”

पैसेवारी तीनदा निघायची. पुस्तक हातात आल्या आल्या नजरअंदाज. मुखपृष्ठ बघायचे, मागची बाजू बघायचे, पुस्तक तळहातावर तोलायचे आणि म्हणायचे, “पंचेचाळीस.” अर्धं झालं की सुधारित. आणि संपल्यावर अंतिम. अंतिमच्या आधी कापणी. एक चांगलं पान, एक मध्यम, एक हलकं, तिन्ही मोठ्यानं वाचायचे. कधी काकूंना सांगायचे, “एखादं पान सांग गं, तुझ्या मनानं.”

“मला नका ओढू त्यात. चारशे विसावं.”

“पुस्तक दोनशे पानांचं आहे.”

“मग सुटले म्हणायची!”

तीन पानं वाचून झाली की माझ्याकडं बघायचे. “तुझे किती?”

“मी काय सांगू काका? मला कुठलं त्यातलं कळायला?”

“तू पंच आहेस. पंचाशिवाय पंचनामा होत नसतो. आकडा बोल.”

मी भीतभीत बोलायचे. पहिलं पुस्तक त्यांनीच दिलं मला. मी म्हटलं, मी अडखळत वाचते. तर म्हणाले, “बिलकुल बरोबर. घाईनं वाचणाराला भूत दिसतच नाही.” असं म्हटल्यावर माणूस वाचणार नाही तर काय! मी भाकरी थापता थापता वाचायला लागले. नवरा म्हणायचा, “आज भाकरीचे केस उभे राहिल्यात बघ.”

काकांचे न्याय ऐकण्यासारखे असायचे. एका कादंबरीत मुंबईचं एक कुटुंब जुन्या बंगल्यात राहायला येतं आणि तिथलं भूत त्यांना छळतं. सगळी गल्ली भुतावर चिडली, काका एकटे भुताच्या बाजूनं. “वारस नोंद झाली होती का? नाही. भुताचा ताबा होता की नाही, बिनहरकत? होता. वहिवाट शाबूत आहे त्याची. विचारल्याशिवाय खाट टाकली, मग चिडणार नाही तर काय सरबत देणार?” त्या पुस्तकाला बासष्ट मिळाले, ते सगळे भुताचे.

दुसऱ्या एकीत हडळ विहिरीत राहायची. काळ्याभोर पाण्यातून वर यायची, पाणी निथळत. काकांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. आमच्याकडं तेव्हा नळ तीन दिवसांआड यायचा, तोही बोटाएवढा. समोरच्या बोळात टँकर शिरत नव्हता म्हणून बायका भांडून भांडून घसे बसवून घ्यायच्या. “विहिरीत हडळ राहते म्हणे,” काका म्हणाले. “इकडं विहिरीत पाणी राहीना. हा माणूस मराठवाड्यात कधी आला नाही. अठरा.”

आणि उडत्या गालिच्यावरचा तो राजपुत्र! ढगांच्या वर जातो आणि तिथून राजकन्या शोधतो. “एवढा वर गेलास ना बाबा? मग एखादा ढग ढकल की इकडं. राजकन्या काय पळून चालली होती?” काकांनी त्याला चाळीस दिले.

ह्या चाळिसावरून रामायण झालं. गल्लीच्या तोंडाशी एका भाईंची लायब्ररी होती, महिन्याच्या वर्गणीवर पुस्तकं द्यायची. दारात एक फळा होता. त्यावर काका दर रविवारी खडूनं पैसेवारी लिहायचे. गंमत म्हणून सुरू झालं, पण बायका आधी फळा वाचायच्या आणि मग आत पाय ठेवायच्या. तर ह्या भाईंनी गालिच्यावाल्या पुस्तकाचे पाच नग पुण्याहून मागवले होते. फळ्यावर चाळीस बघितल्यावर ते ओट्यापाशी आले, टोपी काढून डोकं खाजवत उभे राहिले.

“काका, एक अर्ज है. वो गालिचेवाली को तुम चालीस लिक दिये. अब कोई हातइच नई लगारा. साठ कर दो ना. आपका क्या जाता?”

“मेरा कुछ नई जाता भाई. इसीलिए तो नई लिक सकता.”

“अरे, बीस पैसे की तो बात है!”

“भाई, बैठो. चाय पियो. आकडा नक्को माँगो.”

भाई चहा पिऊन गेले, रागावून नाही, पण हिरमुसून. काकू आतून म्हणाल्या, “काय हो हा हट्ट! कुठल्या राजाचा जीव जाणार होता साठ लिहिले असते तर?”

काकांनी भाईंचा कप उचलून बाजूला ठेवला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, कारण काकूंना हे ठाऊक असणार, “मी रानात उभा राहायचो. ज्वारीचं कणीस हातात घेतलं की कळायचं, अठ्ठावीस. तोलायची गरज नाही, हाताला कळतं. गावची माणसं माझ्या तोंडाकडं बघत असायची. आणि आकडा वरून यायचा. चोपन्न. सत्तावन्न. मी अक्षर बरं म्हणून मलाच लिहायला बसवायचे. उभ्या नोकरीत माझा म्हणून एक आकडा मी लिहिला नाही. आता मला हडळ मिळाली, राक्षस मिळाला, ह्यांचं वर कुणी नाही. इथं तरी माझा लिहू दे.”

काकूंनी रात्री पिठलं केलं होतं, काकांना आवडायचं म्हणून, ते वाटीभर मलाही दिलं.

पुढं त्या लायब्ररीच्या जागी मोबाइलचं दुकान आलं. घराच्या जागी आता चार मजली इमारत आहे. काकाही गेले, पिकलं पान होतं, वाचता वाचता नव्हे, तसलं नाटक त्यांना आवडलं नसतं. सकाळी चहा घेऊन. पण मला सांगायचंय ते माझ्या गोष्टीचं.

इतकी भुतं वाचल्यावर एके दिवशी मला वाटलं, आपल्याकडंही एक आहे की! लहानपणी माझा चुलता सांगायचा ती गोष्ट. कुणाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली की पहाटे मोजायची, हा आमचा रिवाज. एका वर्षी तळ हलला आणि तेव्हापासून मोजलं की एक मेंढी जास्त भरायची. कमी भरली तर माणूस समजू शकतो, लांडगा म्हणतो, चोर म्हणतो. जास्तीचं काय करायचं? सगळ्या ओळखीच्या वाटायच्या. कोणती आपली नव्हे ते कुणालाच सांगता यायचं नाही. चुलता एवढंच सांगून चिलीम पेटवायचा.

ती मी लिहायला घेतली. नवरा कारखान्यातून एका बाजूनं कोरे कागद आणायचा, त्यावर. दुपारी काका ओट्यावर वाचत असायचे आणि मी आत लिहीत. लिहिता लिहिता काय होऊ लागलं मला, ते सांगता येत नाही. भाजी करपली तरी चालेल असं वाटायचं, आणि असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. म्हणून भीतीही वाटली. चौथी शिकलेली बाई मी, हे आपलं आहे का, की नुसतं खूळ? मनाशी ठरवून टाकलं. काकांना द्यायची. पन्नासच्या वर गेली तर लिहीत राहायचं. आत आली तर कागद चुलीत आणि पुन्हा नाव काढायचं नाही. नवऱ्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, “म्हाताऱ्याच्या तोंडी नशीब दिलं व्हय गं? त्यांनी भाईला नाय ऐकलं, तुला काय ऐकत्यात?”

“ऐकू नये म्हणूनच तर त्यांना देते.”

काकांनी कागद घेतले, तळहातावर तोलले. नजरअंदाज सांगितला नाही. “पैसेवारी हवी का कौतुक? कौतुक हवं असेल तर आत जा, काकूकडं मुबलक आहे.”

“पैसेवारी.”

“बघ हं.”

दोन दुपारी त्यांनी वाचली. मी मागच्या दारानं ये-जा केली, तोंड दाखवलं नाही. काकू मात्र पुढच्या खोलीत भांडी आपटायच्या आणि मधूनच त्यांचं कुजबुजणं ऐकू यायचं, “पोरीचं मन बघा हो. परकी नाही ती.” काका पान उलटायचे. तिसऱ्या दिवशी हाक आली.

ओट्यावर काकू सूप घेऊन ज्वारी निवडत होत्या. काकांनी मला समोर पाटावर बसवलं आणि तीन ठिकाणची पानं वाचली. चांगलं, पहाटे मोजायला उभं राहतात ते. मध्यम, तळ हलतो ते. आणि हलकं. हलक्यात होती हवेली. व्हय, मी हवेली घातली होती! अमावस्या, करकरणारा दरवाजा, पांढऱ्या साडीतली बाई, तिच्या हातात दिवा. मेंढी त्या बाईची निघते असं शेवटी मी लिहिलं होतं. ओट्यावर उन्हात ते ऐकताना माझे कान तापले.

“अंतिम,” काका म्हणाले. “एकतीस.”

काकूंच्या हातातलं सूप थांबलं. “एकतीस? अहो, त्या मेल्या गालिचेवाल्याला चाळीस दिलेत ना तुम्ही?”

“दिले.”

“मग हिला एकतीस? लाज कशी वाटत नाही!”

मला रडायलाही आलं नाही, नुसतं आत कोरडं झालं. कागद उचलायला हात पुढं केला तर काकांनी वर पंजा ठेवला.

“कुठं निघालीस?”

“चुलीत घालते. ठरलंय माझं.”

“पंचनाम्याचा कागद आहे. हात लावायचा नाही. बस खाली.” मग जरा थांबून म्हणाले, “तुझ्या गावाला कधी पन्नासच्या वर लागली होती पैसेवारी?”

“लागायची की. मायबाप कपाळ धरून बसायचे.”

“का? वर लागली म्हणजे चांगलंच की.”

“कशाचं चांगलं काका? वर लागली की काईच मिळायचं नाय. सरकार म्हणायचं, पिकलंय तुमचं.”

“आणि आत लागली की?”

“मग चारा यायचा. टँकर यायचा. कामं निघायची. शेतसारा माफ व्हायचा.”

“मग?” काका म्हणाले. आवाज चढला होता त्यांचा, मी तसा कधी ऐकला नव्हता. “तुला एकावन्न लिहू आणि मोकळा होऊ? वा, छान, पिकलंय तुझं, जा घरी? एकावन्न लिहिलं की माझी जबाबदारी संपली. एकतीस लिहिलेत, आता मला मदत द्यावी लागणार. द्यावीच लागणार, कायदा आहे. अगं, असा आकडा लिहायला मी जन्मभर तरसलो.”

काकू म्हणाल्या, “गालिचेवाल्याला कुठली मदत धाडलीत मग?”

“ते कापून बाजारात गेलेलं पीक. हिचं अजून उभं आहे.” त्यांनी कागद माझ्या बाजूला फिरवले. “हे एकतीस कुठले, माहीत आहे? सगळे त्या मेंढीचे. हवेलीचा एक पैसा नाही. हवेली बघितलीस कधी आतून?”

“नाय.”

“मग राहू दे ती ज्याची त्याला. मेंढी तुझी आहे. ती एकटी उभी राहिली असती पानभर तर मी ह्या उन्हात घरात पळालो असतो. पण तू तिला सोडून त्या बाईच्या मागं दिवा धरून गेलीस.” त्यांनी कॉलरमधला रुमाल काढला, तोंड पुसलं, खुर्ची पुढं ओढली. “आता सांग. ती मेंढी पाणी प्यायची का?”

मला हे कधी सुचलंच नव्हतं. चुलत्यानं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले. पाण्यावर गेलेली मेंढरं दिसली मला. एकाला एक चिकटून उभी राहतात, सगळ्या माना एकदम खाली जातात, नुसत्या पाठीच पाठी. लोकरीचं एक रान होतं त्याचं.

“नसंल पीत,” मी म्हटलं. “मेलेलीला कसली तहान? सगळ्या माना खाली घालत्यात बगा. तिनं घातली नसंल. तेवढी एकच मान वर राहिली असंल.”

“म्हणजे पाण्यावर ओळखू आली असती.”

“व्हय.”

“मग तुम्ही पाण्यावर नेऊन का नाही बघितलं?”

“पाणी कुठं होतं काका?” मी म्हटलं. “त्या साली पाणीच नव्हतं कुठं.”

रस्त्यावरून हातगाडीवाला ओरडत गेला, ऊन तसंच ओट्यावर पडलेलं, आणि त्या उन्हात काकूंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. काकांनी आपल्या खिशातलं पेन काढून टोपण उघडलं आणि माझ्या हातात दिलं. कागद उलटा करून कोरी बाजू वर केली.

“लिही,” म्हणाले.

मी तिथंच पाटावर बसून लिहिलं: त्या साली कुठंच पाणी नव्हतं, म्हणून आमच्यातली मेलेली कोणती ते आम्हाला ओळखता आलं नाही.